सकाळी स्टार्ट केल्यावर पिकअप थरथरते : दोष इंजिनात की कंपनीच्या कुलपात?

जानेवारीतली पहाट. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात पारा १० अंशांच्या आसपास आलेला असतो. पिकअपमध्ये भाजी किंवा धानाची पोती भरलेली असतात आणि उजाडायच्या आत आष्टी, चामोर्शी नाहीतर आलापल्ली गाठायची असते. ड्रायव्हर चावी फिरवतो. गाडी सुरू होते, पण धड नाही. रेस आपोआप वर जाते, खाली येते, केबिन थरथरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. दोन-तीन मिनिटांत सगळं शांत होतं आणि गाडी अशी चालते, जणू काही झालंच नव्हतं.

मिस्त्रीच्या भाषेत याला 'गाडी मिसिंग मारते' म्हणतात. ही तक्रार जुनीच आहे. बदललं आहे ते तिचं निदान करणं, आणि त्यामागे थेट दिल्लीपर्यंत जाणारी गोष्ट आहे.

आधी इंजिनाचं बघू. स्टार्ट केल्यावर होणारी प्रत्येक थरथर म्हणजे बिघाड नव्हे. थंड इंजिनाची रेस कॉम्प्युटर मुद्दाम थोडी वर ठेवतो आणि गरम होताना खाली आणतो. छोटा हत्ती दोन सिलिंडरचा आहे, दोस्त तीन सिलिंडरची आणि बोलेरो पिकअप चार सिलिंडरची. त्यामुळे छोट्या हत्तीची थरथर बोलेरोपेक्षा जास्त असणारच. रेस लयीत असेल तर चिंता नको. ती वर-खाली होत असेल किंवा मधेच एक ठोका चुकल्यासारखा वाटत असेल, तर शोध सुरू करायचा.

पहिला प्रश्न विचारायचा तो 'काय होतं' हा नाही, 'कधी होतं' हा. फक्त रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला होतं, की गरम झाल्यावरही? फक्त सकाळीच होत असेल तर संशय दोघांवर जातो. एक ग्लो प्लग, ज्याला बरेच मिस्त्री हीटर म्हणतात. ज्या इंजिनात ते असतात, तिथे एखादा जळाला की तेवढा एक सिलिंडर थंडीत नीट पेट घेत नाही. दुसरा संशय डिझेलच्या पाइपवर. पाइपला बारीक चीर गेली किंवा क्लिप सैल झाली तर रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं आणि लाइनमध्ये हवा शिरते. सकाळी इंजिन ती हवा गिळत राहतं, म्हणून रेस नाचते. हे ओळखायला कॉम्प्युटर लागत नाही. फिल्टरनंतर हातभर पारदर्शक नळी जोडून गाडी सुरू केली की बुडबुडे दिसतात. खर्च एका पाइपाचा आणि क्लिपचा.

दुसरी खूण धुराची. पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास असेल तर डिझेल जळत नाही. पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि रेडिएटरचं कूलंट कमी होत असेल तर प्रकरण हेड गॅस्केटचं असू शकतं, तेव्हा गाडी पुढे रेटू नये. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त : तुंबलेला एअर फिल्टर, गळका नोजल किंवा काजळी धरून अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

या भागात एअर फिल्टरकडे जरा जास्तच लक्ष द्यावं लागतं. सुरजागडचं लोहखनिज वाहणारे अवजड ट्रक आलापल्ली-आष्टी पट्ट्यातून धावतात, त्या धुळीत मागोमाग चालणारी पिकअप कंपनीच्या पुस्तकातल्या वेळापत्रकावर राहू शकत नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. पंप लांब, म्हणून कॅनमधून डिझेल आणून ठेवायची सवय असते. पावसाळ्यात त्यात पाणी शिरलं की ते टाकीत आणि मग फिल्टरच्या तळाशी येतं. फिल्टरखालचा ड्रेन सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं तर पाणी तळाला वेगळं दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे नोजल खराब झाले तर बिल हजारांत जातं.

हे सगळं तपासून झालं आणि थरथर तशीच, तर बोट नोजलकडे म्हणजे इंजेक्टरकडे वळतं. इथेच जुना आणि नवा काळ वेगळे होतात.

मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाड्यांत मिस्त्री चालू इंजिनावर एकेका नोजलच्या पाइपाचा नट सैल करायचा. ज्या नटाने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. साधी आणि खात्रीची युक्ती. आजच्या कॉमन रेल इंजिनावर हाच प्रयोग जिवावर बेतू शकतो. ट्रकच्या टायरमध्ये हवेचा दाब ७-८ बार असतो. कॉमन रेलमध्ये नुसत्या आयडलिंगला २००-३०० बार असतो आणि लोड आल्यावर १,६०० बार किंवा त्याहूनही जास्त. सैल नटातून सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. वरून टोचल्याएवढी जखम दिसते, पण आत विषार पसरतो आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. त्यामुळे अंगवळणी पडलेली ही सवय नव्या इंजिनावर विसरायलाच हवी.

त्याऐवजी रिटर्न लाइनची तपासणी करता येते. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या सारख्या बाटलीत सोडायची आणि इंजिन काही मिनिटं चालवायचं. ज्या बाटलीत इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमतं, तो इंजेक्टर आतून झिजलेला. इथपर्यंत गावातला अनुभवी मिस्त्री पोहोचतो.

पुढे मात्र तो अडतो. आजच्या अनेक इंजेक्टरांवर एक कोड छापलेला असतो. नवा इंजेक्टर बसवल्यावर तो कोड गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावा लागतो, म्हणजे कोणत्या सिलिंडरला किती डिझेल सोडायचं याचा हिशोब जमतो. कोड भरला नाही तर पार्ट नवा, मजुरी दिलेली, आणि थरथर कायम! हा कोड भरायला कंपनीचं किंवा तशाच क्षमतेचं स्कॅनर लागतं. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारं स्वस्त स्कॅनर एरर कोड वाचून दाखवतं, पण त्यापलीकडची कामं सहसा त्याच्या आवाक्यात नसतात. मुलचेरातल्या मालकाला मग चंद्रपूर किंवा गडचिरोलीचा रस्ता धरावा लागतो. दिवस मोडतो, भाडं बुडतं, हप्ता मात्र थांबत नाही.

हे बदललं प्रदूषणाच्या नियमांमुळे. १ एप्रिल २०१७ ला बीएस-४ देशभर आलं आणि बीएस-५ गाळून १ एप्रिल २०२० ला थेट बीएस-६. इंधनातल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० वर आली. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा लागू झाला आणि रस्त्यावर प्रत्यक्ष चालतानाचा धूरही मोजला जाऊ लागला. हे नियम चुकीचे आहेत असं म्हणता येणार नाही, धूर खरंच कमी झाला. पण त्यासाठी इंजिनात सेन्सर, डीपीएफ, ईजीआर आणि सॉफ्टवेअर वाढलं. काही बीएस-६ गाड्यांत तर डीपीएफ स्वतःची काजळी जाळत असताना रेस आपोआप वाढते. माहीत नसलेला माणूस त्यालाही बिघाड समजून गॅरेज गाठतो.

सॉफ्टवेअर वाढलं, त्याची चावी मात्र कंपन्यांकडेच राहिली. याविरुद्ध पहिला मोठा दणका बीएस-६ च्या खूप आधी बसला होता. शमशेर कटारिया यांनी २०११ मध्ये केलेल्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला निकाल दिला आणि १४ वाहन कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना न मिळू देणं, हा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, चुकीच्या दुरुस्तीमुळे नुकसान झालं असेल तरच करा, असंही आयोगाने सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबलं.

पुढे २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांसोबत वाहनंही त्यात आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच कायदा करून, डीलरला मिळते तीच निदानाची माहिती बाहेरच्या गॅरेजला रास्त दरात द्यायला लावली. आपल्याकडे स्वतंत्र कायदा झाला तर त्यात इंजेक्टरचा कोड भरण्याची सोय येते की नुसती माहितीपुस्तिका, यावर बरंच ठरेल. पुस्तिका पीडीएफमध्ये मिळून मुलचेरातल्या गॅरेजचं काम भागत नाही.

तोवर मालकाच्या हातात एक गोष्ट आहे. गाडी दूरच्या सर्व्हिस सेंटरला पोहोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं, थरथर गायब असते आणि 'आम्हाला तर ठीक वाटते' हे उत्तर मिळतं. म्हणून पहाटे पहिल्यांदा स्टार्ट करतानाच मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवावा. त्यात रेसचा काटा, इंजिनाचा आवाज, धुराचा रंग आणि चेक इंजिनचा दिवा दिसला पाहिजे. आणि शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच सर्व्हिस सेंटरला लावून तिथेच रात्रभर उभी ठेवायला सांगावं. सकाळची पहिली चावी मेकॅनिकने स्वतः फिरवलेली बरी.