सकाळी टोकियो, दुपारी क्योतो

टोकियोच्या हॉटेलात बॅगा ठेवायच्या, क्योतो पाहायचं आणि रात्री परत! ऑक्टोबर १९६४ मध्ये तोकाइदो शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन धावू लागली. त्याआधी सर्वांत वेगवान गाडीलाही टोकियोहून ओसाका गाठायला साडेसहा तास लागत. आज याच मार्गावरची नोझोमी गाडी क्योतोपर्यंतचे सुमारे पावणेपाचशे किलोमीटर सव्वादोन तासांत कापते. आपल्या डेक्कन क्वीनला मुंबई-पुण्यासाठी याहून जास्त वेळ लागतो. जाताना उजवीकडची ‘ई’ खिडकी मागून घ्यावी. पाऊण तासात, ढगांची मर्जी असेल तर, फुजी पर्वत दिसतो. मांडीवर एकिबेन, म्हणजे स्टेशनवर मिळणारा जेवणाचा डबा. मेख एकच: परतीची शेवटची नोझोमी रात्री साडेनऊच्या सुमारास सुटते, आणि क्योतोतल्या फुशिमी इनारी देवळाच्या हजारो शेंदरी कमानींखालून डोंगर चढणाऱ्याला घड्याळ आठवतंय कुठे!