पाणी एक, नावं अनेक

दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. सारखे दिसणारे शब्द सारखे असतातच असं नाही. कन्नडमधलं ‘अंतर्जल’ म्हणजे भूजल. पण ‘ज’ला काना दिला की ‘अंतर्जाल’ होतं, म्हणजे इंटरनेट! जमिनीखालच्या पाण्याबाबत रशियन आणि इंग्रजीतही असाच एक चकवा आहे. तो मात्र नुसता गमतीचा नाही, कारण या शब्दांच्या भरवशावर इमारतींचे पाये आणि धरणं उभी राहतात.

इंग्रजीतला ‘ग्राउंडवॉटर’ शब्द ऐसपैस आहे. खडक-मातीच्या फटी जिथे पाण्याने पूर्ण भरलेल्या असतात, तिथलं सगळं पाणी ग्राउंडवॉटर; मग ते दहा फुटांवर असो की हजार फुटांवर. रशियनमध्ये ‘ग्रुन्तोवीये वोदी’ असा शब्द आहे. ‘ग्रुन्त’ हा जर्मनमधून आलेला, अर्थ जमीन किंवा माती. ‘वोदी’ म्हणजे पाणी. शब्दशः पाहिलं तर ग्राउंडवॉटरच! नवखा अनुवादक तसं लिहून मोकळा होतो आणि तिथेच फसतो.

रशियन भूवैज्ञानिकांच्या लेखी ‘ग्रुन्तोवीये वोदी’ म्हणजे वरून खाली जाताना लागणारा पहिला कायमचा पाणथर, पाणी अडवणाऱ्या पहिल्या थरावर साठलेला. त्याच्याखाली, अशा दोन थरांच्या मधे असतं ते पाणी निराळं, त्याचं नावही निराळं. या सगळ्यांना मिळून शब्द आहे ‘पद्झेमनीये वोदी’, म्हणजे आपलं भूजल. साठ मीटर खोलीवरच्या ग्राउंडवॉटरला अनुवादकाने ‘ग्रुन्तोवीये’ म्हटलं, तर रशियन इंजिनिअरला वाटेल की हा वरचाच थर आहे!

या पहिल्या थराच्याही वर कधीकधी पाणी सापडतं, त्याला म्हणतात ‘वेर्खवोदका’. नावात वोडका दिसली तरी दचकू नका. ‘वेर्ख’ म्हणजे वरचा भाग आणि ‘वोदा’ म्हणजे पाणी. बर्फ वितळल्यावर किंवा पावसानंतर चिकणमातीच्या एखाद्या तुकड्यावर हे साठतं आणि कोरड्या दिवसांत आटून जातं. इंग्रजीत त्याला ‘पर्च्ड वॉटर’ म्हणतात, फांदीवर बसलेल्या पाखरासारखं अधांतरी टेकलेलं पाणी. पाखरू कधी उडेल याचा नेम नाही. त्यावर भरवसा ठेवून विहीर खणणाऱ्याची काय गत होईल, हे सांगायला नको.

तिकडे कायदाही या थरांकडे पाहूनच चालतो. रशियाच्या भूगर्भविषयक १९९२ च्या कायद्यातल्या तरतुदीनुसार जमीनमालकाला स्वतःच्या गरजेसाठी दिवसाला १०० घनमीटरपर्यंत पाणी उपसता येतं. पण ज्या थरातून सार्वजनिक पाणीपुरवठा होतो त्यातून नव्हे, त्याच्या वरच्या थरातून.

दुसरा चकवा झिरपण्याचा. मातीतून, धरणाखालून पाणी वाहतं त्याला इंग्रजीत ‘सीपेज’ म्हणतात, रशियनमध्ये ‘फिल्त्रात्सिया’. इंग्रजी वाचकाला ‘फिल्ट्रेशन’ म्हटलं की पाणी गाळून स्वच्छ करणं आठवतं. त्यामुळे रशियन अहवालातला ‘फिल्त्रात्सियाचा गुणांक’ इंग्रजीत जसाच्या तसा नेला, तर वाचणारा जलशुद्धीकरण केंद्र शोधत बसेल. तो गुणांक खरं तर माती किती सहज पाणी जाऊ देते, हे सांगत असतो.

या शास्त्रात रशियनांचं काम मोठं आहे. पेलागेया पोलुबारिनोवा-कोचिना (१८९९-१९९९) या गणितज्ञ बाईंचा भूजलाच्या हालचालींवरचा ग्रंथ १९५२ मध्ये निघाला आणि दहाच वर्षांत अमेरिकेत इंग्रजीत आला. असं ज्ञान एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना शब्द घसरला, तर गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं.

आपल्या मराठीकडे पाहा. पावसाचं पाणी जमिनीत ‘मुरतं’, भिंतीतून ‘झिरपतं’, खडकातून ‘पाझरतं’. तिन्ही क्रिया वेगळ्या आणि शेतकऱ्याला तो फरक नेमका ठाऊक असतो. ‘पर्कोलेशन टँक’ला ‘पाझर तलाव’ असं सुटसुटीत नाव मिळालं, ते अशाच शब्दांतून. आज मजकूर यंत्रात घातला की क्षणात अनुवाद हाती येतो. तो वापरावा जरूर. पण ज्याने विहीर खणली आहे, अशा माणसाला एकदा वाचून दाखवावा.