उभी गाडी आडवी

माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं २०१६ साली. बुलेट नवीकोरी, अंगात नवा झब्बा, आणि कार्यालयाच्या फाटकाशी वरपक्षाची वाट बघत उभे असलेले निम्मे नातेवाईक. म्हणजे एन्ट्री कशी झोकात व्हायला हवी! मी हळूच आत शिरलो, मोकळी जागा दिसली म्हणून हँडल उजवीकडे वळवलं, तेवढ्यात एक पोरगं आडवं पळालं आणि मी पुढचा ब्रेक दाबला.

झालं. हँडल वळलेलं असताना अगदी कमी वेगात पुढचा ब्रेक दाबला की गाडी जिथल्या तिथे बसकण मारते, हे मला त्या क्षणी शिकायला मिळालं. उजवा पाय टेकला तो नेमका खडीवर. पाय सरकला, आणि पुढचं सगळं अतिशय सावकाश झालं. गाडी झुकतेय, आपण धरतोय, गाडी अजून झुकतेय, आपण अजून धरतोय... सनई चालू, गाडी आडवी, झब्बा लेगगार्डमध्ये अडकलेला.

उठल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल? गुडघा पाहिला नाही, गाडी पाहिली नाही. आजूबाजूला पाहिलं. कुणी बघितलं का? सगळ्यांनी बघितलं होतं!

मग "काही नाही, काही नाही" म्हणत एकट्यानंच ती उचलायला गेलो. क्लासिक ३५०चं वजन दोनशे किलोच्या जरा आत असतं. हँडल धरून हिसका मारला आणि कमरेत काहीतरी कट्कन झालं. शेवटी तिघांनी मिळून गाडी उभी केली. जेवताना मामा पंगतीत ओरडून म्हणाला, "याला मठ्ठा जपून वाढा रे, आधीच तोल जातोय!" पुढचे चार दिवस मी बिछान्यात होतो. पडल्यामुळे नव्हे, लाजेच्या भरात गाडी उचलल्यामुळे.

तेव्हापासून या उभ्या उभ्या पडण्यावर मी बराच विचार केलाय. (रिकामटेकडा आहे असं बायको म्हणते, ते सोडा.) आता बघा, साठच्या वेगानं जाताना मी आजवर एकदाही पडलेलो नाही. पडलो तो नेहमी लावताना, काढताना किंवा मागे ढकलताना. तुम्हीही आठवून बघा. वेगात असताना गाडी आपलं आपण बरंचसं सावरून घेते. ती ज्या बाजूला झुकते, त्या बाजूला हँडल थोडंसं वळतं आणि चाकं पुन्हा वजनाच्या खाली येतात. चालायच्या वेगाला हे सावरणं जवळजवळ बंद पडतं आणि सगळा हिशेब आपल्या दोन पायांवर येतो. त्यात दहा अंश झुकलेली गाडी तोलायला जेवढा जोर लागतो, त्याच्या जवळपास तिप्पट तीस अंशांना लागतो. म्हणजे एका टप्प्यापर्यंत आपण तिला धरून असतो आणि त्याच्या पुढे ती आपल्याला घेऊन जाते.

शिवाय आपल्याकडची पार्किंगची तऱ्हा. पी-वन, पी-टूच्या पाट्या वाचून आज कुठली बाजू हे ठरवायचं, मग दोन गाड्यांच्या मधल्या वीतभर फटीत आपली घुसवायची. साइड स्टँड लावावा तर एप्रिलच्या उन्हात डांबर मऊ झालेलं, त्यात स्टँड हळूहळू रुततो. शेजारच्यानं आपली काढताना जरा धक्का दिला की एकीवर एक अशी रांगच्या रांग झोपते. पावसाळ्यात फरशीवर शेवाळ असतं ते वेगळंच. सांगायचं काय, तर उभी गाडी पडणं हे वजन, उतार आणि जमीन यांचं गणित आहे. त्यात आपल्या अकलेचा किंवा मर्दुमकीचा संबंध फार थोडा.

पण आपण मानतो मात्र उलटं.

माझं पडणं हा घरात किस्सा झाला. गेली कित्येक वर्षं दर समारंभात तो निघतो, मी स्वतःच रंगवून सांगतो, सगळे हसतात, मीही हसतो. पण पडण्याचा असा किस्सा होणं प्रत्येकाच्या नशिबात नसतं. वहिनीचंच बघा ना. (तिची परवानगी काढूनच लिहितोय.)

वहिनी २००९ साली स्कूटर शिकत होती. सोसायटीच्या उतारावर वळवताना तोल गेला आणि गाडी आडवी झाली. ओरखडासुद्धा नाही, ना तिला ना गाडीला. पण वरच्या दोन गॅलऱ्यांमधून हसण्याचा आवाज आला. आणि दादा म्हणाला, "राहू दे, तुला नाही जमणार. मी सोडत जाईन ना."

दादाचं मन वाईट नव्हतं, काळजीच होती. पण त्या एका वाक्यानंतर वहिनीनं आठ वर्षं गाडीला हात लावला नाही. आठ वर्षं ऑफिसला जायला बस, परत यायला रिक्षा, आणि कुठेही जायचं तर "अहो, तुम्ही रिकामे आहात का?" २०१७ साली ती पहाटे उठून एकटीच मैदानावर जाऊन शिकली. पहाटे का, तर बघायला कुणी नको म्हणून! मी पडलो तर "होतं रे असं", आणि ती पडली तर "तुला नाही जमणार". पडणं दोघांचं सारखंच होतं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा गॅलरीत हसणाऱ्यांमध्ये मीही होतो.

आता बाबांची गोष्ट. मूळ लिहायचं होतं ते हेच.

बाबांची हिरो होंडा स्प्लेंडर १९९८ सालची. मंडईतली भाजी, बँक, संध्याकाळचा मित्रांचा कट्टा, सगळं तिच्यावर. २०२२ साली बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्या पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं की बाबा हळू बोलतायत, खोकला आला की दाबून धरतायत, पलंगावरून उठताना भिंत धरतायत. विचारलं तर म्हणाले, "पायरीवरून जरा घसरलो रे. बाम लावतोय."

दोन आठवड्यांनी मला काहीतरी आणायला जायचं होतं म्हणून त्यांची गाडी काढली. क्लचचा लीव्हर वाकलेला, डावा आरसा गायब. वॉचमनला विचारलं, तर तो आधी गप्प. मग म्हणाला, "साहेब, बाबा म्हणाले होते घरी सांगू नको."

पंपाच्या खोलीजवळच्या उतारावरून बाबा गाडी मागे घेत होते. ती त्यांच्याच अंगावर झुकली आणि त्यांना घेऊनच खाली आली. हँडलचं टोक बरगडीत बसलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, बरगडीला चीर होती. ती आपली आपण भरून येत होती म्हणा, पण डॉक्टर बाबांवर चांगलेच रागावले. बरगडी दुखते म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकून कफ काढत नाही, आणि या वयात त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. पहिल्याच दिवशी यायला हवं होतं, म्हणाले.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "बाबा, सांगितलं का नाहीत?"

ते बाहेर बघत म्हणाले, "सांगितलं असतं तर किल्ली गेली असती."

मी काय बोलणार? गेलीच असती. आदल्या दिवाळीतच मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "बाबा, आता पुरे झाली ती फटफटी."

तुम्ही म्हणाल, मग वय झाल्यावर गाडी सोडायला नको का? हवीच. तो दिवस प्रत्येकाचा येतो, माझाही येईल. पंचावन्ननंतर लायसन्स दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, ते योग्यच आहे. पण तो निर्णय नजर, कान, गुडघे आणि रस्त्यावरचं भान बघून व्हावा. पार्किंगमध्ये एकदा गाडी आडवी झाली एवढ्यावरून नव्हे. आणि हे सगळं बघायचं तर आधी आपल्याला कळायला हवं ना? पडल्यावर हसू किंवा शिक्षा यांपैकी एक मिळणार हे ठाऊक असलं की माणूस पडणं लपवतो. मग मार लपतो, आणि खरंच थांबायची वेळ आली असेल तर तीही लपते. किल्ली काढून घ्यायच्या धाकानं आपण त्यांना सुरक्षित करत नाही, फक्त गप्प करतो.

म्हणून आमच्या घरात आम्ही एक नियम केलाय. पडलं की सांगायचं. सांगणाऱ्याला त्या दिवशी कुणी उपदेश करायचा नाही. बाबांसाठी एक हलकी स्कूटर घेतली, आणि उताराची जागा सोडून फाटकाजवळची सपाट जागा शेजाऱ्यांशी बोलून मिळवली. स्प्लेंडर दादाकडे गेली. बाबा दोन दिवस रुसले होते, पण गाडी बंद झाली नाही हे महत्त्वाचं.

आणखी दोन-चार गोष्टी, मार खाऊन शिकलेल्या. गाडी एका मर्यादेपलीकडे झुकली की सोडून द्या आणि बाजूला व्हा. आरसा मिळतो, लीव्हर मिळतो, घोटा मिळत नाही. पडल्यावर आधी किल्ली बंद करा, जुनी गाडी असेल तर पेट्रोलचा कॉकही. मग दोन मिनिटं चक्क उभे राहा. लोक बघतायत? बघू देत. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचलल्यावर पलीकडे जाते. जमलं तर गिअरमध्ये टाका, म्हणजे सरकणार नाही. वाकून ओढू नका. सीटला पाठ लावून खाली बसा, एका हातात हँडल, एका हातात मागची पकड, आणि पायांच्या जोरावर मागे मागे छोटी पावलं टाकत उठा. आणि सर्वात सोपा उपाय म्हणजे हाक मारा. पुण्यात लोक रस्ता विचारला तर चुकीचा सांगतील, पण पडलेली गाडी उचलायला नक्की येतात. हा माझा अनुभव आहे.

आणि दुसऱ्याची पडली तर? धावत जा. आधी माणसाला विचारा, मग गाडीला हात लावा. हसू येतंच, मलाही येतं. ते थोडा वेळ दाबायचं. त्याला स्वतःला हसू आलं की मग आपणही हसायचं.

असो. गेल्या महिन्यात संध्याकाळी सातच्या सुमाराला बाबांचा फोन आला. "अरे, पडली. मी बरा आहे. खाली ये, उचलायला दोघं लागतील."

मी आणि वहिनी धावत खाली गेलो. बाबा कट्ट्यावर बसून वॉचमननं आणून दिलेलं पाणी पीत होते. स्कूटर आडवी, कोथिंबिरीची जुडी तिच्याखाली. वहिनीनं आधी त्यांचे हात-पाय चाचपून पाहिले, मग आम्ही गाडी उभी केली. नियमाप्रमाणे कुणी काही बोललं नाही.

थोडा वेळ वाट पाहून बाबाच म्हणाले, "हसा आता, हरकत नाही."