बँडसाठी ध्वनिक्षेपक घेताना

खानापूर तालुक्यातील एका गावच्या सात तरुणांनी पत्र पाठवून आमचा सल्ला विचारला आहे. त्यांचा बँड आहे. एक साधी गिटार, एक खर्जाची म्हणजे बेस गिटार, कीबोर्ड, ड्रमचा संच, ट्रम्पेट आणि गाणारे दोघे. फेस्ताच्या संध्याकाळी, लग्नात आणि नाताळात ते वाजवतात. आजवर ध्वनिक्षेपक, म्हणजे आपण सारे ज्याला लाऊडस्पीकर म्हणतो तो, ते भाड्याने आणीत. आता तीन वर्षांच्या बिदागीतून आणि वर्गणीतून साठवलेले ६०,००० रुपये हाताशी आहेत आणि संच स्वतःचा असावा असे त्यांच्या मनाने घेतले आहे. त्यांतील एकाने आपला वाटा घर शाकारण्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून दिला, हेही पत्राच्या शेवटी हळूच लिहिले आहे. तेव्हा हे पैसे चुकीच्या वस्तूवर जाऊ नयेत, याची काळजी आम्हांलाही वाटणे साहजिक आहे.

याच पत्रात एक हकीकत आहे. मागील फेस्ताला त्यांनी बऱ्याच मोठ्या पेट्यांचा संच भाड्याने आणला होता. गाणाऱ्यांपैकी एकाने आपल्या आजीच्या आवडीचे जुने गाणे मुद्दाम बसवले होते. आजी शेवटच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर नातू तिच्यापाशी गेला, तेव्हा ती म्हणाली, "आवाज लई झाला रं बाळा, पण तू गायलास कवा?"

आमच्या मते त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आजीनेच देऊन टाकले आहे. त्या रात्री आवाजाची वाण नव्हती. वाण होती ती शब्दांची. आणि दुकानात गेल्यावर नेमका आवाजच विकायला काढलेला असतो, शब्दांची चौकशी कोणी करीत नाही.

दुकानदार सर्वप्रथम वॅट सांगतो. पाचशे वॅट, हजार वॅट, कधी तर पेटीवर चमकत्या अक्षरांत त्याहूनही मोठा आकडा छापलेला असतो. त्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' असे दिसले तर तो आकडा विसरून जावा. क्षणार्धासाठी कल्पनेत निघणारी ती शक्ती आहे, गाण्याला तिचा उपयोग नाही. 'पीक' म्हणून सांगितलेला आकडाही पुष्कळदा सतत मिळणाऱ्या शक्तीच्या चौपट असतो. विचारावयाचे ते हे की सतत, तासन्‌तास, पेटी किती वॅट सोसते.

पण त्याहूनही महत्त्वाचा एक आकडा आहे आणि तो क्वचितच कोणी विचारतो. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर पेटी किती डेसिबल आवाज काढते, हे माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' या नावाखाली दिलेले असते. समजा, एका पेटीचा हा आकडा ९० आहे आणि दुसरीचा ९७. सात डेसिबलचा हा फरक म्हणजे शक्तीच्या हिशेबात पाचपट. पहिल्या पेटीला ५०० वॅट देऊन जेवढा आवाज निघेल, तेवढा दुसरी १०० वॅटमध्ये काढील. वॅट दुप्पट केल्याने आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो आणि तेवढी वाढ कानाला जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यास सुमारे दहा डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून पाचशेच्या जागी हजार वॅटची पेटी मिळते आहे म्हणून पाचसहा हजार अधिक मोजणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. ज्या पेट्यांच्या आतच ॲम्प्लिफायर बसवलेला असतो, त्यांच्या बाबतीत हा आकडा सहसा देत नाहीत. तेथे पेटी जास्तीत जास्त किती डेसिबल आवाज देते, हे पाहावे.

आता आजीच्या रांगेकडे वळू. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पेटीपासून दोन मीटरवर जो आवाज ११० आहे तो चार मीटरवर १०४, आठवर ९८, सोळावर ९२ आणि बत्तीस मीटरवर ८६ होतो. पेटी जमिनीवर किंवा टेबलावर ठेवली तर पुढच्या रांगेतील मुलांचे कान फुटावयाची पाळी येते आणि मागच्यांना पुढच्यांच्या डोक्यांनी अडवलेला घुमारा तेवढा मिळतो. हीच पेटी मजबूत स्टँडवर माणसाच्या डोक्याहून बरीच वर, तोंड किंचित खाली श्रोत्यांकडे करून उभी केली तर पुढच्या आणि मागच्या रांगेतील तफावत आपोआप कमी होते. दोन चांगल्या स्टँडचे पैसे वाचवून तेच पेट्यांत घालणारे पुष्कळ बँड आम्ही पाहिले आहेत. त्यांनी आपलेच नुकसान केले.

पेटी केवढी घ्यावी? बाजारात दहा, बारा आणि पंधरा इंची घेराच्या पेट्या मिळतात. पंधरा इंचीचा धबधबा तरुण मनाला मोह घालतो, हे आम्ही जाणतो. परंतु बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते आणि तो स्वर भरदारपणे उमटवणे स्वस्त पंधरा इंची पेटीलाही जड जाते; उलट गाणाऱ्याच्या आवाजाचा मधला भाग तिच्यात अनेकदा मुका होतो. आमचा सल्ला असा की बारा इंची दोन पेट्या घ्याव्यात आणि त्या गाणाऱ्यांसाठी, कीबोर्डासाठी आणि क्वचित ट्रम्पेटसाठी राखाव्यात. बेस गिटारला तिचा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, तो तिने वापरावा. ड्रमला गावच्या मांडवात माईक लावण्याची गरजच नसते. तो बिचारा आधीच सर्वांवर कुरघोडी करून असतो. आजीला नातवाचे गाणे ऐकू आले नाही त्याचे कारण, आम्हांला वाटते, हेच होते: सातही जणांचा आवाज एकाच पेटीत कोंबला गेला. कमरेखालचा दणका देणाऱ्या सबवूफरच्या पेट्या पुढेमागे पैसा जमला तर घेता येतील, न घेतल्या तरी चालेल.

जुने कर्णे अनेक गावांत पडून आहेत आणि "तेच का वापरू नयेत?" असे वडीलधारी विचारतात. कर्ण्याचा गुण मोठा आहे. थोड्या शक्तीत तो दूरवर बोलतो. माणसाच्या आवाजाला यंत्राने मोठे करून हजारो लोकांपुढे मांडण्याचा सार्वजनिक प्रयोग पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ च्या नाताळच्या आदल्या रात्री अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे केला, तोही कर्ण्याच्याच जातीच्या यंत्राने. पण कर्णा खालचे स्वर गिळतो आणि अगदी वरचेही सोडून देतो. सूचना सांगण्यास तो उत्तम, गिटारीस नव्हे.

आत ॲम्प्लिफायर असलेली पेटी घ्यावी की नुसती पेटी आणि ॲम्प्लिफायर वेगळा, यावर मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. नुसत्या पेटीचा कोन फाटला किंवा कॉइल जळली तर बेळगावसारख्या गावी ती दुरुस्त करणारा कारागीर मिळतो. आतील सर्किट बिघडले तर मात्र कंपनीच्या केंद्राकडे पाठवून वाट पाहावी लागते. असे असूनही नवशिक्या बँडला आम्ही पहिल्या प्रकाराकडेच वळवू. पेटी आणि तिची शक्ती यांची जोड कारखान्यातच जमवलेली असते आणि कोणी उत्साहाच्या भरात बटण पिळले तरी चांगल्या पेटीतील योजना तिला जळण्यापासून बऱ्याच अंशी वाचवते. शिवाय एक पेटी ऐन कार्यक्रमात बंद पडली तर दुसरी गात राहते. ॲम्प्लिफायर एकच असला आणि तोच बसला तर सारेच मुके. मात्र किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत ती चालते हे विचारून घ्यावे, कारण आपल्या खेड्यांतील वीज संध्याकाळी किती खाली येते हे आम्ही सांगावयास नको.

विजेवरून आठवले, आणि हे सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांला पाप वाटेल. गिटार हातात आहे आणि माईकला ओठ लागताच झटका बसला, असे प्रसंग घडतात; माणसे दगावलीही आहेत. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन मोडून तो दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसवण्याची आपल्याकडील सवय याला कारण होते. बँडची सारी यंत्रे अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावरून चालवावीत आणि त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. याचा खर्च एका माईकपेक्षा अधिक येणार नाही.

माईकही फार स्वस्त नको. शूर कंपनीने १९६६ साली काढलेला एसएम ५८ आजही जगभर गायकांच्या हाती दिसतो. तोच घ्यावा असे नाही, आणि त्याच्या नकला इतक्या आहेत की घेताना जपावे लागते. पण समोरचा आवाज घेणारा आणि पाठीमागचा टाळणारा माईक हवा. पेट्या गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवल्या आणि माईकची पाठ त्यांच्याकडे राहिली तर ती कानठळ्या बसवणारी शिट्टी बहुधा होत नाही. एकूण रकमेतील निम्म्याहून थोडे अधिक पेट्यांना, उरलेले मिक्सर, माईक, वायरी, स्टँड आणि बोर्डासाठी, असा हिशेब आम्ही ठेवू.

खरेदीपूर्वीची परीक्षा कशी करावी? दुकानातील खोलीत, दुकानदाराने लावलेल्या झगमगत्या गाण्यावर मुळीच नव्हे. तेथे प्रत्येक पेटी राजा वाटते. शक्य असेल तर जी पेटी घ्यावयाची तीच एका रविवारसाठी भाड्याने आणावी आणि मैदानात स्टँडवर लावावी. एकाने माईकवर वर्तमानपत्र वाचावे, दुसऱ्याने तीसचाळीस पावलांवर पाठ करून उभे राहावे. 'साठ' आणि 'सात', 'पाणी' आणि 'वाणी' यांतला फरक कळतो काय ते पाहावे. नंतर ड्रम आणि बेस सुरू करून तेच पुन्हा करावे. ऐकणारा तरुण नसावा. तरुण कान मनातले शब्द भरून काढतात. जुनी पेटी घेत असाल तर ती अगदी हळू आवाजात ऐकावी, कारण खरखर तेव्हाच उघडी पडते. कोन बोटांनी सर्व बाजूंनी सारखा, अलगद दाबून पाहावा. आत घासल्यासारखे वाटले तर पेटी परत करावी.

एक गोष्ट कायद्याची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार लाऊडस्पीकरला लेखी परवाना लागतो आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर लावता येत नाही. सणासुदीला वर्षातून फार तर पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेहून दहा डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांत जे कमी तेवढाच आवाज चालतो. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे हद्दीवर ६५. एवढ्यासाठी हजार वॅट लागत नाहीत, हे वेगळे सांगणे नको. आपले उत्सव याला अपवाद आहेत असेही कोणी समजू नये. चेन्नईतील एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या खटल्यातच सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले की ध्वनिवर्धक आणि ढोल लावून इतरांची शांतता मोडण्याचा हक्क कोणत्याही धर्माच्या नावाने मिळत नाही. आणि पेटीच्या तोंडाशी खेळणाऱ्या पोरांना मागे ओढावे. कार्यक्रमस्थळी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलवर जाऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस आहे. लहान्यांसाठी तर तेवढेही फार झाले.

हे सारे आम्ही त्या तरुणांना आधीच कळवले होते. त्यांचे उत्तर परवा आले. येत्या रविवारी बारा इंची दोन पेट्या भाड्याने आणून ते चर्चच्या पटांगणात लावणार आहेत, आणि आजीची खुर्ची शेवटच्या रांगेत, पूर्वीच्याच जागी मांडणार आहेत.