परीक्षकाची परीक्षा

लासलगावच्या बाजार समितीत लिलावाच्या वेळी व्यापारी कांदा हातात घेतो, दाबून पाहतो आणि मग बोली बोलतो. डोळ्यांना व बोटांना जे कळते, त्यावर भाव ठरतो. आयात केलेल्या मांसाची गोष्ट निराळी आहे. त्यातील रोगजंतू ना ग्राहकाला दिसतात, ना दुकानदाराला. ग्राहकाची पारख जेथे अपुरी पडते, तेथे तपासणीचे काम शासनानेच करावयाचे असते. ते बाजारपेठेवर सोपविता येत नाही.

परदेशी तपासणीचा अनुभव लासलगावला आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली येथे उभारलेल्या किरणन केंद्रातून २००७ पासून हापूस आंबा अमेरिकेस जाऊ लागला. फळातून कीड जाऊ नये यासाठी किरणन अमेरिकी निरीक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे, अशी अट होती. २०२० व २०२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि ही निर्यात थांबली. अट जाचक होती. पण ती तपासणीची होती, सरसकट बंदीची नव्हती.

भारताने परीक्षकाची भूमिका कशी वठविली? २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूचा उद्रेक झाला होता. त्यामुळे २००७ साली अमेरिकी कोंबडीच्या मांसावर घातलेल्या बंदीमागील भीती समजण्याजोगी होती. तथापि २०१५ साली जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाचा निर्णय भारताविरुद्ध गेला. रोग देशात आढळल्यास निर्बंध सुमारे १० किलोमीटरच्या परिसरापुरते, परदेशात आढळल्यास मात्र संपूर्ण देशावर बंदी, हा दुजाभाव टिकला नाही. बंदीला धोक्याच्या शास्त्रीय मूल्यमापनाचा आधारही नव्हता.

बंदीने येथील कुक्कुटपालकांचे रक्षण होते, असे कोणी म्हणेल. ते रक्षण आवश्यक असेल, तर त्यासाठी आयातकराचा उघड मार्ग आहे. रोगाचे निमित्त वारंवार पुढे केल्यास, खरा रोग दाराशी येईल तेव्हा इशाऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

बंदीला एक अधिसूचना पुरते. तपासणीला पशुवैद्य, प्रयोगशाळा आणि संगरोध केंद्रे लागतात. हा खर्च टाळण्याजोगा नाही, आणि तो बंदरापाशी थांबूनही चालणार नाही. गावच्या कत्तलखान्यातील मांसही त्याच कसोटीवर उतरले पाहिजे. दुसऱ्याचा माल नाकारण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने आपल्या मालालाही तेच माप लावावयास हवे.