लहान कोठी व घरचा ठेवा

दिवाळी जवळ आली म्हणजे आपल्या बदलापूर गावातील जुन्या घरांतून माळे झाडण्याचे काम सुरू होते. हे काम वडील मंडळी एकट्या मुलांवर कधी सोपवीत नाहीत. कारण माळ्यावर फुटक्या टोपलीशेजारीच आजोबांच्या जमिनीचे कागद असतात. घरातील संगणकाची झाडलोट मात्र सर्वस्वी मुलांच्या हाती दिली जाते, आणि ती कोणत्या क्रमाने करावी हे त्यांस कोणी सांगत नाही. या उपेक्षेने होणारी हानी लहान नव्हे असे आमचे मत आहे. म्हणून या रूक्ष वाटणाऱ्या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले.

सन २०२० मध्ये शाळा बंद राहून वर्ग घरोघरी भरू लागले, तेव्हा पुष्कळ पालकांनी ऐपतीप्रमाणे लहानसे लॅपटॉप घेतले. अशा स्वस्त यंत्रांत बहुधा १२८ जीबीची सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, असते. संगणकात ती ११९ जीबीच दिसते म्हणून दुकानदारावर रागावू नये. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो व विंडोज १०२४ च्या पटीने मोजते, एवढाच तो भेद. त्यातून विंडोजचा स्वतःचा संसार मोठा. विंडोज ११ करिता निदान ६४ जीबीची कोठी हवी, असे मायक्रोसॉफ्टचेच सांगणे आहे. मग उरलेल्या जागेत अभ्यास, छायाचित्रे, गाणी व खेळ यांची दाटी झाली तर नवल कसले?

कोठी भरत आली की यंत्र मंदावते, याचेही कारण जाणून घेण्याजोगे आहे. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते. अक्षरे विद्युद्भाराच्या रूपाने साठविलेली असतात. तिची खोड अशी की, लिहिणे थोडेथोडे होते, पण पुसणे मोठ्या गठ्ठ्यानेच होते. ज्या पाटीवरील एकच ओळ पुसता येत नाही, धुवावयाची तर सबंध पाटीच धुवावी लागते, अशी पाटी कल्पावी. धुण्यापूर्वी तीवरील कामाच्या ओळी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवून घेणे भाग पडते. आणि कोऱ्या पाट्याच संपत आल्या तर बिचाऱ्या लेखकाचा सारा वेळ उतरवाउतरवीतच जातो. यास्तव पंचमांश जागा तरी मोकळी असावी, असा आमचा प्रघात आहे.

आता जागा करावयाची ती प्रथम यंत्राच्या स्वतःच्या केरातून करावी. सेटिंग्जमध्ये सिस्टिम व त्यात स्टोरेज उघडले म्हणजे 'टेम्पररी फाइल्स' असे सदर सापडते. विंडोजची नवी आवृत्ती घेतल्यावर मागे राहिलेली जुनी आवृत्ती, अद्ययावतीकरणाचे उरलेले तुकडे, आणि रिसायकल बिनमध्ये टाकलेल्या पण अजून जागा अडवून बसलेल्या फाइली, हे सर्व तेथे दिसते. (जुनी आवृत्ती साधारणतः दहा दिवसांनी विंडोज आपणहून काढून टाकते.) रिसायकल बिन मात्र एकवार उघडून पाहिल्यावाचून रिकामे करू नये. त्याच यादीत 'डाउनलोड्स' हेही एक नाव असते. तेथे खूण करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. शाळेचे प्रगतिपुस्तक, आधारची प्रत, विजेची बिले ही सर्व ज्या फडताळात पडलेली असतात, ते हेच फडताळ होय. ज्या घरी हायबरनेशन वापरीत नाहीत त्यांनी ते बंद केल्यास ८ जीबी मेमरीच्या यंत्रात सुमारे ३ जीबी जागा सुटते. संगणक सुरू होण्यास किंचित विलंब लागतो, तो सोसावा. 'क्लीनर' म्हणून जाहिरातींतून फुकट मिळणाऱ्या उपकरणांना मात्र दारातच उभे करावे. जे काम घरच्या केरसुणीने होते त्यासाठी अनोळखी माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या कोण देतो?

आमच्या वर्गातील एका मुलाने नव्या खेळासाठी जागा हवी म्हणून सर्वांत मोठ्या फाइली शोधून पुसून टाकल्या व रिसायकल बिनही रिकामे केले. त्या फाइलींत त्याच्या दिवंगत आजीने म्हटलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण होते. वडिलांनी यंत्र जाणत्या कारागिराकडे नेले. तोही हात टेकून बसला. जुन्या तबकडीवरून पुसलेली वस्तू कधी कधी परत मिळत असे. एसएसडीत 'ट्रिम' नावाची व्यवस्था असते, तिच्यायोगे पुसलेली जागा कोणती हे ड्राइव्हला तत्काळ कळविले जाते व ती सवडीने ती जागा खरोखरच कोरी करून ठेवते. त्या मुलास आम्ही दोष देत नाही. फाइल मोठी आहे एवढ्यावरून तिला निरुपयोगी ठरविणे हा न्याय कोणत्याच घरात चालत नाही. पण हे त्याला आधी कोणी सांगितले होते?

मिशनच्या इतिहासातील एक प्रसंग येथे आठवतो. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये व कोश १८१० मध्ये प्रसिद्ध करणारे विल्यम केरी यांचा श्रीरामपूरचा छापखाना (हे श्रीरामपूर बंगालमधील, आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे) ११ मार्च १८१२ रोजी आगीत सापडला. छापण्याची यंत्रे बचावली. वितळलेल्या धातूतून टंक पुन्हा ओतता आले. परंतु अनेक भाषांच्या शब्दांचा जो मोठा कोश केरी रचीत होते, त्याचे हस्तलिखित जळून गेले, आणि तो कोश पुढे कधीच पुरा झाला नाही. यंत्र व टंक पैशाने परत मिळाले, एकच प्रत असलेले लिखाण मिळाले नाही. आपल्या लॅपटॉपची गोष्ट याहून निराळी नाही.

काही पालक म्हणतील, मोठी ड्राइव्ह घेतली म्हणजे झाले. ज्यांस परवडते त्यांनी अवश्य घ्यावी. परंतु लूककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायातील तो धनवान शेतकरी कोठारे मोडून मोठी बांधण्याच्याच बेतात होता. आत काय साठवावे याचा विचार त्याला शिवला नाही. एकच 'शुभ सकाळ'चे चित्र पाच गटांतून पाच वेळा आले व पाचही वेळा साठले, तर १२८ च्या जागी ५१२ जीबी घेऊन काय साधणार? आणि याच्या उलट, योहानकृत शुभवर्तमानात पाच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडेही बारा टोपल्यांत गोळा करविले आहेत. अग्रेषित चित्र केर आहे व आजीची ओवी तुकडा आहे, हा विवेक कोणतेही यंत्र आपल्याकरिता करणार नाही. तो आई, वडील व मुले यांनी एकत्र बसूनच करावयाचा आहे.

ढगावरच्या, म्हणजे क्लाउडच्या, कोठारांविषयीही सावध असावे. गूगलचे १५ जीबी फुकट असले तरी १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रेही त्यांतच मोजली जातात. वनड्राइव्हमध्ये 'फ्री अप स्पेस' म्हटले तर फाइल यंत्रातून जाते व कोठारात राहते. 'डिलीट' म्हटले तर ती दोन्ही ठिकाणांहून जाते. या दोन शब्दांतील अंतर आम्ही यापुढे संगणकाच्या तासास फळ्यावर लिहून ठेवणार आहोत.

पालकांस आमची विनंती अशी की, छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे यंत्रातून काढण्यापूर्वी त्यांच्या दोन प्रती कराव्या, त्या उघडून पाहाव्या, व एक प्रत दुसऱ्या गावच्या आप्तांकडे ठेवावी. आपले गाव उल्हास नदीच्या काठी आहे. २६ जुलै २००५ रोजी व पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी पुराने बदलापुरात काय केले, हे ज्यांच्या घरांत पाणी शिरले त्यांस सांगावयास नको. दोन्ही प्रती एकाच कपाटाच्या खालच्या खणात असतील तर त्या एकाच वेळी भिजतील. प्रत एसएसडीवर किंवा पेन ड्राइव्हवर असेल तर ती वर्षानुवर्षे पेटीत बंद करून ठेवू नये, कारण विजेवाचून पडून राहिल्यास तीतील विद्युद्भार हळूहळू गळतो. नाताळच्या व मे महिन्याच्या सुट्टीत ती एकेकदा यंत्रास जोडून आतील फाइली उघडून पाहाव्या.