४३२ कोटी आणि ४५४ कोटी

गेल्या पावसाळ्यात कर्जतमधल्या एका सभागृहात विश्वाच्या आणि माणसाच्या जन्मकथेवर व्याख्यान होतं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत पडद्यावर मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन अशी रांग सरकत होती. डार्विनने सांगितलं ते आपल्याकडे दशावतारात आधीच होतं, असं वक्ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, आणि शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय सांगतात ४५४ कोटी. ‘बावीस कोटींचा फरक आहे, तोही मिटेल हळूहळू.’ पुन्हा टाळ्या.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. गृहस्थ चिडले नाहीत. म्हणाले, ‘सर, लोकांना ओळखीच्या वाटेनेच न्यावं लागतं. मासा-कासव घरचं आहे. त्याचं बोट धरून डार्विन आत येतो.’

हा पूर्वपक्ष मला हलका वाटत नाही. शाळेत विज्ञान शिकवताना मीही अशाच वाटा शोधत आलो. कांदा चिरून पृथ्वीच्या पोटातले थर दाखवले. पण कांद्यावरून पृथ्वीचं वय काढलं नाही.

आधी दशावतार. डार्विनचं पुस्तक १८५९ चं. अवतारांचा त्याच्याशी मेळ थिऑसॉफीवाल्या मादाम ब्लाव्हाट्स्की १८७७ साली ‘आयसिस अनव्हेल्ड’मध्ये घालतात, ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन १८८२ मध्ये. म्हणजे उत्तरपत्रिका हातात आल्यावर गणित सोडवलेलं. त्याआधी शतकानुशतकं कीर्तनांतून अवतार रंगले, पण कासवाचा डुक्कर कसा झाला, असं कुणी विचारलं नाही, कारण कथेत तो होतच नाही. रूपं घेणारा एकच, आणि तो कामापुरतं रूप घेतो. उत्क्रांतीत रूप घेणारा कुणी नाही आणि पोचायचं ठिकाणही नाही. उल्हास नदीतला मासा माणूस व्हायचा राहून गेलेला नाही, तो मासा म्हणून झकास जगतो आहे. शिवाय परशुराम, राम आणि कृष्ण यांच्यात उत्क्रांती नेमकी कोणती झाली? तोवर टाळ्या वाजून गेलेल्या असतात.

पण दोष एकट्या वक्त्यांचा नाही. आमच्या, म्हणजे स्वतःला विज्ञानवादी म्हणवणाऱ्यांच्या लिखाणाकडे बघा. विश्व १३८० कोटी वर्षांचं, मग प्रकाशवर्षं, मग शून्यांची माळ. वाचकाने थक्क व्हायचं आणि पान उलटायचं. त्याला ४३२ आणि ४५४ यांत फरक वाटावा तरी कसा? दोन्ही आकडे त्याच्याकडे वरूनच आलेले. एकाला पोथीचा आधार, दुसऱ्याला अमेरिकेतल्या प्रयोगशाळेचा. घरची पोथी जवळची वाटली तर त्याचं काय चुकलं? पहिला आकडा श्रद्धेने घ्यायचा असतो. दुसऱ्याला ‘कशावरून?’ विचारता येतं, आणि उत्तर पटलं नाही तर भांडताही येतं. आम्ही तेवढंच लिहायचं गाळतो.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ते गाळलं नाही. १९६५ मध्ये सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाची, म्हणजे महास्फोटाच्या उरलेल्या उबेची, बातमी आली आणि बहुतेकांनी महास्फोट मान्य केला. नारळीकर मात्र फ्रेड हॉयल यांच्यासोबत दुसऱ्या बाजूला राहिले, आणि आपल्या शंका कारणांसकट मराठीतही मांडत राहिले. माझ्या मते त्या वादात ते हरले. पण हरणारा माणूस पुरावा कसा मागतो, हे मराठी वाचकाला घरबसल्या पाहायला मिळालं. तितकं शिकवणारे जिंकलेले लेखक मला फारसे आठवत नाहीत.

आता मंडन. ते कर्जत स्टेशनवरून करता येतं. पुण्याकडच्या गाडीला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागेपर्यंत वडापाव घ्या आणि खिडकी धरा. पळसदरी मागे पडली की डोंगर कापलेला दिसू लागतो. हा काळवत्री दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. घाटातल्या अशा कापांमध्ये काळ्या थरांच्या मधून कुठे कुठे वीटभट्टीच्या रंगाचा पट्टा जातो. एक थर निवला, झिजला, त्याची माती झाली, आणि मग त्या मातीवर दुसरा लाव्हा आला. म्हणजे मध्ये वेळ गेला. एवढं कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

किती वेळ, हे सांगायला मात्र लागते. पोटॅशियमचा एक प्रकार फार सावकाश मोडतो, १२५ कोटी वर्षांत निम्मा. त्यातल्या काही भागाचा आर्गॉन वायू होतो. लाव्हा पातळ असेपर्यंत वायू उडून जातो, थिजला की दगडातच कोंडतो. कोंडलेला आर्गॉन आणि उरलेलं पोटॅशियम मोजलं की घाटाचं वय निघतं, सुमारे ६.६ कोटी वर्षं. दगडातल्या लोहखनिजांनी थिजताना त्या जागेची चुंबकीय दिशाही धरून ठेवली. १९५६ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या संशोधकांनी दख्खनच्या दगडांतली ही दिशा तपासली. ती सांगते की हा कातळ थिजला तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. भूशास्त्रज्ञांनी या थरांना दिलेल्या नावांत नेरळ आहे आणि ठाकूरवाडीही आहे. घाट चढताना खिडकीतून दिसते, तेच नाव. वक्त्यांना ओळखीची वाट हवी होती ना? ही रोजच्या पासावर मिळते.

माणसाच्या जन्मकथेत उत्क्रांतीला रांग समजण्याची चूक जास्त महागात पडते. वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची ती प्रसिद्ध रांग रुडॉल्फ झालिंगर यांनी १९६५ साली एका पुस्तकासाठी काढली. उत्क्रांती फांद्यांनी वाढते, चित्र मात्र जिना दाखवतं. जिना म्हटला की खालच्या पायरीवर कुणाला तरी बसवणं आलंच. कर्जत-खालापूरकडे ती पायरी कातकऱ्यांच्या वाट्याला येते. सरकारदप्तरी ते ‘आदिम जमात’. केंद्राने २००६ मध्ये इंग्रजीतला ‘प्रिमिटिव्ह’ हा शब्द सोडला, मराठीतला ‘आदिम’ चिकटून आहे. आपल्या मानवजातीचे सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे अवशेष मोरोक्कोतले, सुमारे ३ लाख वर्षांचे. तिथून आजवरचा काळ वीटभट्टीवरच्या कातकऱ्याच्या मागे जेवढा आहे, तेवढाच भट्टीच्या मालकाच्याही मागे आहे. कुणी मागे राहिलेलं नाही.

एका वर्गात त्या रांगेचा तक्ता टांगलेला होता. त्यातल्या तिसऱ्या माणसाकडे बोट दाखवून एक पोरगा शेजारच्या कातकरी मुलाला म्हणाला, ‘हा बघ तुझा आजा.’ मी म्हटलं, ‘असलाच, तर तुझाही.’ शेजारच्याने मान खालीच ठेवली होती, ती वर केली आणि मला विचारलं, ‘कशावरून, सर?’ तास संपायला दहा मिनिटं होती. ती पुरली नाहीत.